छायाचित्रातील कोन आणि दृष्टी : रॉद्चेन्को-वादाच्या निमित्ताने

मराठीत 'दृष्टिकोन' हा शब्द आपण इतक्या सहजपणे योजतो की त्यातील 'कोना'चे आपणांस विस्मरण झालेले असते. समीक्षकाचा दृष्टिकोन, आशावादी दृष्टिकोन यांसारख्या प्रयोगांत पाहणाऱ्याचे मत तेवढे उरले आहे. तो कोठे उभा आहे, मान वर करून पाहतो की खाली वाकून पाहतो, हा मूळचा भौमितिक प्रश्न मागे पडला आहे. छायाचित्रकाराला मात्र हा शब्द वाच्यार्थानेच घ्यावा लागतो. त्याला कोठे तरी उभे राहावेच लागते. आणि तो जेथे उभा राहतो तेथून त्याचे मतही ठरू लागते. वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांचा असा सांधा अन्य कलांत क्वचितच इतका उघडा पडतो.

असे असूनही कॅमेऱ्याच्या कोनासंबंधीचे आपल्याकडील लेखन बहुतांशी पाककृतींच्या पुस्तकाच्या पातळीवर राहिले आहे. विषय भव्य दाखवावयाचा असेल तर कॅमेरा खाली ठेवावा, क्षुद्र दाखवावयाचा असेल तर वर न्यावा, अस्वस्थता हवी असेल तर तो तिरपा धरावा, असे सांगितले जाते. आणि हे नियम पाळले की छायाचित्र 'सुधारते' असे मानले जाते. यांपैकी एकही नियम सर्वस्वी खोटा नाही. परंतु एखाद्या शब्दाचा कोशातील अर्थ सांगितला म्हणजे तो शब्द ज्या कवितेत आला तिचे विवेचन झाले असे आपण मानीत नाही. मग कोनाच्या बाबतीतच या कोशावर समाधान का मानावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार अलेक्सांद्र रॉद्चेन्को (१८९१–१९५६) या रशियन कलावंताच्या कार्याच्या आधारे करावयाचा आहे. कोनासाठी इतक्या आग्रहाने भांडलेला आणि त्यापायी इतके सोसलेला दुसरा छायाचित्रकार दाखविणे कठीण आहे.

तत्पूर्वी परिभाषेतील एक गोंधळ दूर केला पाहिजे. 'कोन' या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या क्रिया मोडतात : कॅमेरा ठेवण्याची जागा, म्हणजे त्याची उंची व विषयापासूनचे अंतर, भिंगाचा वर अथवा खाली असलेला कल, आणि चौकट क्षितिजाशी समांतर न ठेवता कॅमेरा बाजूला तिरपा धरणे. या तिहींचे परिणाम भिन्न आहेत. वस्तूंची परस्परांशी असलेली प्रमाणे केवळ जागेवरून ठरतात. भिंग बदलल्याने ती बदलत नाहीत, दृश्याचा कमीअधिक भाग तेवढा चौकटीत येतो. सपाट भूमीवर क्षितिजरेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. तो कमरेशी धरला तर उभ्या माणसांना ती कमरेशीच छेदते. जमिनीलगत ठेवला तर माणसे जवळजवळ संपूर्णपणे आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभी राहतात. यासाठी भिंग वर उचलण्याची मुळीच आवश्यकता नाही. इमारतीच्या उभ्या रेषा वरच्या टोकाला एकमेकींकडे झुकू लागतात, त्या मात्र कल दिल्यामुळे. फिल्मची पातळी इमारतीशी समांतर राहिली नाही म्हणून. वास्तूंची छायाचित्रे घेणारे व्यावसायिक हा दोष टाळण्यासाठी कॅमेरा सरळ ठेवून केवळ भिंग वर सरकविता येईल अशी यंत्रे वापरीत आले आहेत.

हा भेद शाब्दिक नाही. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये घेतलेले चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचे छायाचित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यात चरखा पुढे आहे आणि गांधीजी त्याच्या मागे जमिनीवर बसून वाचीत आहेत. चरखा त्यांच्याहून मोठा भासतो. येथे कॅमेऱ्याला कसलाही नाट्यमय कल नाही, तिरपेपणा नाही. छायाचित्रकर्त्री बैठकीच्या पातळीपर्यंत खाली आली आहे आणि चरख्याच्या निकट गेली आहे, इतकेच. उभ्याने घेतले असते तर हेच चित्र खोलीतील सामानाची एक नोंद झाले असते. चरख्याने चित्राचा अग्रभाग व्यापावा आणि माणसाने त्याच्या मागे शांत राहावे हा जो अर्थ आपणांस जाणवतो, तो सर्वस्वी जागेच्या निवडीतून निर्माण झाला आहे. हस्तपुस्तकांच्या भाषेत या छायाचित्राला 'कोन'च नाही; वस्तुतः ते कोनाचे एक उत्कृष्ट उदाहरण आहे.

आता मूळ वादाकडे वळू. रॉद्चेन्को चित्रकलेकडून छायाचित्रणाकडे आला तो १९२४ च्या सुमारास. १९२५ मध्ये त्याने मॉस्कोतील म्यास्नित्स्काया रस्त्यावर, स्वतः राहत होता त्याच इमारतीची काही छायाचित्रे घेतली. भिंतीलगत उभे राहून, कॅमेरा जवळजवळ आकाशाकडे रोखून, त्याने एकावर एक रचलेले सज्जे टिपले. आग लागल्यास उतरण्याची लोखंडी शिडी आणि तीवरून चढणारा माणूस टिपला. त्याच वर्षी लाइपत्सिकच्या जत्रेत लायका हा हातात मावणारा छोटा कॅमेरा प्रथम विक्रीस आला होता. रॉद्चेन्कोच्या हाती तो १९२८ मध्ये पडला. याचा अर्थ असा की ज्या दृष्टीचे श्रेय पुष्कळदा या नव्या यंत्राला दिले जाते ती दृष्टी यंत्र येण्यापूर्वीच सिद्ध होती. लायकाने तिला चपळता दिली. जन्म दिला नाही. कलेच्या इतिहासात तंत्राला कारण ठरविण्याची जी घाई आपण करतो तिला हा एक लहानसा पण पुरेसा अपवाद आहे.

१९२८ च्या एप्रिलमध्ये 'सोव्हिएत्स्कोये फोतो' या मासिकाने एक निनावी पत्र प्रसिद्ध केले. त्यात रॉद्चेन्कोची काही छायाचित्रे आणि परदेशी छायाचित्रकारांची, विशेषतः मोहोली-नॉज आणि रेंगर-पाट्श यांची, छायाचित्रे शेजारी शेजारी छापून हा आपला कलावंत पाश्चात्त्यांची उचलेगिरी करतो असे सुचविले होते. रॉद्चेन्कोने 'नोवी लेफ' या नियतकालिकात उत्तर दिले. बोरिस कुशनर या त्याच्याच गोटातील लेखकाने त्यावर शंका उपस्थित केल्या. आणि त्यांना उत्तर म्हणून त्याच वर्षी रॉद्चेन्कोने आधुनिक छायाचित्रणाच्या वाटांविषयी आपला सुप्रसिद्ध लेख लिहिला. उचलेगिरीचा आरोप आज कोणी गंभीरपणे घेणार नाही. उंचावरून पाहण्याची कल्पना कोणा एकाच्या मालकीची नव्हतीच. नादारने १८५८ मध्ये फुग्यातून छायाचित्र घेतले होते; कायबोतने १८८० मध्ये पॅरिसचा रस्ता थेट वरून पाहून रंगविला होता; आल्व्हिन लँगडन कोबर्नने १९१० च्या आगेमागे न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावरून बर्फाच्छादित चौकातील वाटांना अष्टपाद जलचराचे रूप दिले होते. महत्त्वाचा आहे तो या वादातून पुढे आलेला सिद्धान्त.

तो सिद्धान्त थोडक्यात असा. चित्रकलेने शतकानुशतके माणसाला समोरून, सरळ पातळीवरून पाहावयास शिकविले. छायाचित्रकारांनी ही सवय निमूटपणे उचलली आणि कॅमेरा पोटाशी धरून, बेंबीच्या उंचीवरून, ते तीच चित्रे पुन्हा काढू लागले. आधुनिक नगरातील माणूस मात्र उंच इमारतींच्या तळाशी चालतो, वरच्या मजल्यावरून रस्ता पाहतो, धावत्या वाहनातून वस्तू ओझरत्या पाहतो. तेव्हा या काळाचे खरे दृष्टिबिंदू म्हणजे वरून खाली आणि खालून वर. याच्या समर्थनार्थ रॉद्चेन्कोने आयफेल मनोऱ्याचा अनुभव सांगितला आहे. १९२५ मध्ये पॅरिसला असताना त्याने तो प्रथम दुरून पाहिला आणि त्याला तो मुळीच आवडला नाही. पुढे एकदा बसमधून जवळून जात असता खिडकीतून वर निमुळत्या होत गेलेल्या लोखंडी रेषा त्याला दिसल्या, आणि त्या रचनेचे सामर्थ्य प्रथमच त्याच्या प्रत्ययाला आले.

हा दाखला समर्पक आहे, पण तो नेमके काय सिद्ध करतो? मनोरा त्याच्या पायथ्याशी अधिक खरा दिसतो, कारण मनोऱ्याचे सत्त्व त्याच्या बांधणीत आहे आणि ती बांधणी दुरून रेखाकृतीसारखी सपाट होते. म्हणजे कोनाची श्रेष्ठता विषयावर अवलंबून राहिली. 'खालून वर' हा दृष्टिबिंदू सर्वत्र आणि सर्व काळी श्रेष्ठ आहे, हा निष्कर्ष त्या बसच्या खिडकीतून निघत नाही. बेंबीशी झुंजावयाचे तर उपाय शिरोलंबच का, हा कुशनरचा आक्षेप म्हणूनच बिनतोड होता. रॉद्चेन्कोच्या उत्तरात आवेश भरपूर आहे. पण एका रूढीच्या जागी दुसरी रूढी स्थापन होण्याचा धोका त्याला दिसला होता असे त्यावरून वाटत नाही. आणखी एक बारीकशी गोष्ट. चित्रकलेची परंपरागत पातळी ही डोळ्यांची आहे, बेंबीची नव्हे. पोटाशी धरलेला कॅमेरा विषयाकडे किंचित खालूनच पाहतो आणि उभ्या माणसाला किंचित उंची बहाल करतो. ज्या दृष्टीला रॉद्चेन्को सर्वांत निष्क्रिय समजत होता तिच्यातही एक अबोल भूमिका होती; आपल्याकडे होमाई व्यारावाला यांनी रोलिफ्लेक्सने घेतलेली स्वातंत्र्यकाळातील पुढाऱ्यांची छायाचित्रे या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहेत.

सिद्धान्ताच्या मर्यादा दाखविणे सोपे आहे. छायाचित्रे त्याहून मोठी आहेत. १९३० मधील तुतारी वाजविणाऱ्या पायोनियर मुलाचे छायाचित्र घ्या. कॅमेरा हनुवटीखाली आहे. मुलाचे गाल, नाकपुड्या, गळा आणि तुतारीचे वर्तुळाकार तोंड यांखेरीज चौकटीत फारसे काही नाही. कोशातील नियमाप्रमाणे खालून घेतलेला हा मुलगा भव्य दिसावयास हवा. तो तसा दिसतो का? मला वाटते, नाही. भव्यतेला अंतर लागते, आणि येथे अंतरच नाहीसे झाले आहे. फुगलेल्या गालांचा आणि ताणलेल्या कातडीचा जो प्रत्यय येतो तो श्वासाचा आहे, वीरत्वाचा नाही. त्याच काळातील पायोनियर मुलीच्या छायाचित्रावर तत्कालीन टीकाकारांनी घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे : ही मुलगी वर का पाहते? तिने पुढे पाहावयास हवे होते. या आक्षेपाला आपण हसतो. पण त्यांना जे खुपले ते खरोखरच तेथे होते. त्यांना हवा होता तो नियमातला भव्य चेहरा, भित्तिपत्रकावरचा. आणि या छायाचित्रांनी त्यांना दिला तो जवळून पाहिलेला, थोडासा विरूप, एका मुलाचा चेहरा. कोनाने अर्थ पुरविण्याऐवजी ठरलेला अर्थ मोडला होता. रूपवादाचा ठपका ज्या छायाचित्रांवर आला ती नेमकी आशयाच्या बाबतीत बंडखोर ठरावी, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

रूपवादाचा उल्लेख आला म्हणजे मराठी अभ्यासकाला मर्ढेकरांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडणाऱ्या त्यांच्या सौंदर्यशास्त्राला रॉद्चेन्कोचे 'पायऱ्या' हे १९३० च्या सुमाराचे छायाचित्र जणू मुद्दाम तयार केल्यासारखे वाटावे. चौकटभर तिरप्या जाणाऱ्या उजळ आणि गडद पट्ट्या. पट्ट्यांच्या पुनरावृत्तीतून संवाद. त्यांना छेद देणाऱ्या एका आकृतीमुळे विरोध. आणि त्या आकृतीच्या नेमक्या स्थानामुळे साधलेला समतोल. विवेचन पूर्ण झाले असे वाटू लागते. परंतु ती आकृती म्हणजे मूल घेऊन पायऱ्या चढणारी एक स्त्री आहे. तिच्या जागी छत्री घेतलेला गृहस्थ ठेवला तर तिन्ही लयतत्त्वे जशीच्या तशी राहतील आणि छायाचित्र मात्र हलके होईल. कॅमेरा वर आहे आणि बाजूला तिरपाही आहे. त्यामुळे पायऱ्यांना आरंभ वा शेवट राहिलेला नाही, त्या चौकटीच्या एका कडेतून येऊन दुसऱ्या कडेत जातात. ती स्त्री किती चढली आणि किती उरले हे आपणांस कळत नाही. मुलाचे ओझे या न संपणाऱ्या चढणीमुळे जाणवते, आणि चढण त्या ओझ्यामुळे चढण ठरते. एरवी त्या नुसत्या पट्ट्या होत्या. वरून घेतलेली ही स्त्री क्षुद्र दिसत नाही हेही जाता जाता नोंदविले पाहिजे. कोशातील दुसरा नियमही येथे निरुपयोगी ठरतो.

या परंपरेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप राजकीय टीकाकारांकडून आला नाही. तो आंरी कार्तिए-ब्रेसाँकडून आला. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी असे प्रतिपादन केले आहे की रचनेच्या भूमितीतील कोन तेवढेच खरे. परिणाम साधण्यासाठी पोटावर लोळण घेणाऱ्या छायाचित्रकाराने निर्मिलेले कोन खरे नव्हेत. हे वाक्य रॉद्चेन्कोला उद्देशून लिहिलेले नसले तरी त्याच्यावर चपखल बसते. तथापि याच कार्तिए-ब्रेसाँचे १९३२ मधील इयेर येथील छायाचित्र पाहावे. गोल वळत जाणारा जिना, त्याचा कठडा, आणि खालच्या रस्त्यावरून निसटणारा सायकलस्वार. सारे जिन्याच्या माथ्यावरून पाहिलेले. जागा वरची नसती तर वळणाला वळण मिळालेच नसते. त्यांनी तेथे लोळण घेतली नाही हे खरे. पण उंची निवडली. त्यांचा खरा विरोध कोनाला नसून कोन दिसण्याला आहे. वाचकाचे लक्ष शैलीवर खिळावे की तिच्यातून पार पलीकडे जावे, हा गद्यविचारातील जुना वाद येथे वेगळ्या वेषात आला आहे, आणि त्याचा निकाल एका बाजूने लावणे गद्यातही कोणाला साधलेले नाही. श्रीनगरात १९४८ मध्ये त्यांनी टिपलेल्या, टेकडीवर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या स्त्रियांना कोणताही कोन 'दिसून' चालला नसता. म्यास्नित्स्कायाच्या सज्ज्यांना तो दिसणे आवश्यक होते. तेथे मान दुखेपर्यंत वर पाहणे हाच विषय आहे.

येथवर कोनाचा विचार कलेच्या अंगणात चालला होता. १९३३ मध्ये रॉद्चेन्को श्वेतसागर ते बाल्टिक यांना जोडणाऱ्या कालव्यावर गेला. २२७ किलोमीटर लांबीचा हा कालवा १९३१ ते १९३३ या काळात कैद्यांच्या श्रमांतून खोदला गेला आणि त्यात हजारो कैदी मृत्युमुखी पडले. तेथील छायाचित्रांवर आधारलेला 'बांधकामातील सोव्हिएत संघ' या सचित्र मासिकाचा डिसेंबर १९३३ चा अंक रॉद्चेन्कोने सजविला. त्याचे सारे जुने कौशल्य त्यात हजर आहे : उंचावरून पाहिलेल्या माणसांच्या ओळी, लाकडी बांधणीच्या तिरप्या रेषा, काम चाललेल्या खड्ड्याच्या काठावर वादन करणारा वाद्यवृंद. येथे वरचा दृष्टिबिंदू काय करतो ते पाहावे. तो श्रमाचे रूपांतर आकृतिबंधात करतो. अंतरामुळे चेहरे नाहीसे होतात, चेहऱ्यांबरोबर थकवा नाहीसा होतो, आणि शिल्लक राहते ती केवळ लय. तुतारीच्या छायाचित्रात ज्याने अंतर मोडले होते तोच येथे अंतर उभारतो. भीतीमुळे, श्रद्धेमुळे की दोहोंमुळे, याचा निर्णय समीक्षेने करू नये. १९३६ मध्ये त्याने आपल्या कलेच्या पुनर्घडणीसंबंधी लिहिलेल्या लेखात या कालव्याच्या अनुभवाला निर्णायक स्थान दिले आहे, एवढी नोंद पुरे. समीक्षेला जे म्हणता येते ते असे की तेथील चित्रे रचनेच्या दृष्टीने सदोष नाहीत, आणि नेमकी हीच गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. लयतत्त्वांच्या कसोटीवर 'पायऱ्या' आणि कालवा यांत निवड करता येत नाही. निवड करावयाची तर त्या कोनाने काय झाकले हे विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर चौकटीच्या बाहेर, इतिहासात, शोधावे लागते.

जर्मनीतील समांतर उदाहरणाचा केवळ उल्लेख करतो. लेनी रीफेनश्टाल यांच्या १९३५ मधील न्यूरेंबर्ग-मेळाव्याच्या चित्रपटात खालून आकाशाकडे पाहणारा तोच कॅमेरा हिटलरला मेघांच्या पार्श्वभूमीवर उभा करतो. एका राजवटीत रूपवादी म्हणून निषिद्ध ठरलेली युक्ती दुसरीत राज्यशैली झाली. कोनाला स्वतःचा पक्ष नसतो असे यावरून म्हणण्याचा मोह होतो. पण तेही पुरते खरे नाही. खालून दूर राहून पाहणे आणि खालून जवळ जाऊन पाहणे या दोन वृत्ती आहेत, आणि सत्तेला नेहमी पहिलीच सोयीची वाटत आलेली आहे.

वास्तुशिल्पाच्या क्षेत्रात या दृष्टीचा अधिक निरागस वारसा लूसियँ एर्वे यांच्याकडे आला. ल कॉर्ब्यूझिए यांच्या चंदिगड आणि अहमदाबाद येथील इमारतींची त्यांनी घेतलेली छायाचित्रे कठोर कलांची, तीव्र छायांची आणि निर्दयपणे कापलेल्या चौकटींची आहेत. काँक्रीटच्या इमारतींना ती मानवतात. आपल्याकडील प्राचीन वास्तूंच्या छायाचित्रणात मात्र हा विचार क्वचितच झाला आहे, आणि त्याची गरज वेरूळच्या कैलास लेण्याइतकी अन्यत्र कोठेही भासत नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळी कोरलेले हे मंदिर कड्याच्या माथ्यावरून खाली खोदीत आणले गेले. कळस आधी झाला, पाया मागाहून. म्हणून कड्याच्या कडेवर उभे राहून घेतलेले छायाचित्र हे येथे चमत्कृतीसाठी घेतलेले 'वरून खाली' नव्हे. ज्या क्रमाने पाथरवटाची छिन्नी गेली तोच क्रम डोळा अनुसरतो. शंभर फुटांच्या आसपास खोल गेलेला तो कातळाचा खड्डा आणि त्यात एकसंध उरलेले मंदिर यांचा संबंध तेथूनच उलगडतो. अलीकडे छापली जाणारी बहुतेक चित्रे याच कड्यावरून घेतलेली असतात आणि ती योग्यच आहेत. मात्र मंदिराच्या जोत्यात सर्व भार पाठीवर पेलून उभे असलेले हत्ती त्या कड्यावरून दिसत नाहीत. त्यांच्यासाठी अंगणात उतरावे लागते, आणि कॅमेरा छातीच्याही खाली आणावा लागतो. मग सोंडेच्या उंचीवर क्षितिज येते आणि वरचे सारे मंदिर चौकटीबाहेर राहूनही त्याचे वजन चित्रात उतरते.